गाठ गळ्यात, मूळ किडनीत

किडनीचा कॅन्सर ऑपरेशनने काढला, दहा-बारा वर्षं सुखात गेली आणि एक दिवस गळ्याशी छोटीशी गाठ हाताला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. पण तो असू शकतो. आणि तो ओळखायला सगळ्यात आधी उपयोगी पडते ती कपाटाच्या तळाशी पडलेली जुनी फाइल.

सकाळी दाढी करताना काकांच्या बोटांना काहीतरी लागलं. कंठमण्याच्या खाली, किंचित उजवीकडे. सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती, खुपत नव्हती. आवंढा गिळला की वर-खाली व्हायची, इतकंच. काकूंना दाखवली. 'थायरॉइड असेल, माझ्या बहिणीलाही आहे,' म्हणत त्यांनी विषय संपवला. पण मुलगा ऐकेना. तो त्यांना सर्जनकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी गळा चाचपला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, 'आधी काही ऑपरेशन वगैरे?'

'तसं विशेष काही नाही,' काका म्हणाले. 'बारा वर्षांपूर्वी डावी किडनी काढली. मोठा मुतखडा होता.'

काकू एकदम खाली बघू लागल्या. मुलाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

कारण तो मुतखडा नव्हता. कॅन्सर होता. बारा वर्षांपूर्वी काकू आणि त्यांच्या थोरल्या दिरांनी मिळून ठरवलं होतं, 'ह्यांना सांगायचं नाही. हाय खातील.' ऑपरेशन उत्तम झालं. काका चालायला लागले, नोकरीवर रुजू झाले, निवृत्तही झाले. खोटं बोललेलं हळूहळू घरातल्या सगळ्यांनाच खरं वाटू लागलं. आणि नेमक्या ज्या दिवशी ते खरं सांगायला हवं होतं, त्या दिवशी खोलीत सगळेच गप्प राहिले.

हे काका म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. विषय समजावा म्हणून आम्ही रेखाटलेलं हे चित्र आहे. पण त्यातली न दुखणारी गाठ, मधली लांबलचक वर्षं आणि आधीच्या आजाराशी तिचं नातं या गोष्टी कल्पनेतल्या नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी कित्येक वर्षांपासून छापून येत आहेत.

कॅन्सर किडनीचाच, मुक्काम गळ्यात

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. घाबरून जायचं कारण नाही. थायरॉइडमध्ये गाठ होणं ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे, बायकांमध्ये तर जास्तच. अशा शंभर गाठींपैकी नव्वदहून अधिक निरुपद्रवी असतात. उरलेल्यांपैकी बहुतेक थायरॉइडच्या स्वतःच्या कॅन्सरच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारांवर चांगले उपचार आहेत. दुसऱ्या अवयवातून येऊन थायरॉइडमध्ये मुक्काम ठोकणारा कॅन्सर दुर्मीळच. कॅन्सरच्या शंकेने थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांत त्याचं प्रमाण साधारण १.४ ते ३ टक्के सांगितलं जातं.

पण या थोड्या पाहुण्यांत सगळ्यात जास्त वेळा येतो तो किडनीचा कॅन्सर. जगभरातून प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत मूळ किडनीत सापडलं. मोठं आतडं, फुप्फुस आणि स्तन यांचे कॅन्सर त्याच्या बरेच मागे होते.

अशा वेळी घरात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'आता थायरॉइडचा कॅन्सर झाला का?' त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. कॅन्सर कुठेही जाऊन बसला, तरी त्याचं कूळ बदलत नाही. कोकणातला माणूस नागपुरात स्थायिक झाला म्हणून त्याचं गाव बदलत नाही, तसंच हे. गळ्यातल्या त्या पेशी किडनीच्याच असतात, किडनीच्याच सवयीने वागतात आणि त्यांना औषधही किडनीच्या कॅन्सरचंच लागतं. हा फरक शब्दांचा नाही. पुढचे सगळे उपचार त्यावर अवलंबून असतात.

इतकी वर्षं तो होता कुठे?

किडनीचा कॅन्सर मोठा आतल्या गाठीचा. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि पोटात हाताला लागणारा गोळा ही त्याची पुस्तकातली तीन लक्षणं. पण तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण शंभरात दहासुद्धा नसतात. आजकाल बऱ्याच जणांचा हा कॅन्सर पित्ताशयासाठी नाहीतर पाठदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतो.

कॅन्सर किडनीपुरताच असेल, तर ऑपरेशन करून तो काढतात आणि अनेक रुग्ण कायमचे बरे होतात. काही जणांत तो परततो. तोही बहुधा पहिल्या पाच वर्षांत, आणि जास्त करून फुप्फुसात, हाडांत, लसिका ग्रंथींत, यकृतात किंवा मेंदूत. म्हणूनच ऑपरेशननंतरची काही वर्षं डॉक्टर छाती-पोटाचे स्कॅन करायला लावतात. पुढे तपासण्यांमधलं अंतर वाढत जातं. रुग्णही निर्धास्त होतो.

मात्र या कॅन्सरची एक खोड आहे. तो दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनीही उगवतो. थायरॉइड ही त्याची अशी उशिराने गाठायची जागा. अमेरिकेत वॉशिंग्टनला आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी नावाची नामांकित संस्था होती. ती २०११ मध्ये बंद झाली. तिथल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये अशा ३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका रुग्णात किडनीचा कॅन्सर आणि गळ्यातली गाठ यांच्यामध्ये तब्बल २२ वर्षांच्या आसपासचं अंतर होतं. उलट १३ जणांना आपल्या किडनीत काही आहे, याचा पत्ताच नव्हता. आधी गळ्यातली गाठ सापडली आणि तिच्या मागावर जाता जाता किडनी सापडली!

मग एवढी वर्षं त्या पेशी करत काय होत्या? डॉक्टरांचं म्हणणं असं, की ऑपरेशनच्या आधीच काही मोजक्या पेशी रक्तातून निसटलेल्या असतात. कुठेतरी त्या जाऊन बसतात आणि गप्प राहतात. त्यांना वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या मिळत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्तीही त्यांना डोकं वर काढू देत नाही. किडनीच्या कॅन्सरवर या प्रतिकारशक्तीची जरब मोठी असते. किडनी काढल्यावर फुप्फुसातल्या गाठी आपोआप विरून गेल्याच्या दुर्मीळ नोंदीसुद्धा आहेत. पुढे कधीतरी हा तोल बिघडतो आणि निजलेली पेशी जागी होते.

बी आणि जमीन

पण थायरॉइडच का? किडनी कुठे, गळा कुठे!

कॅन्सर ठरावीक जागीच का पसरतो, हा प्रश्न लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनना पडला होता. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृत आणि प्लीहा या दोन्ही अवयवांत भरपूर रक्त जातं, पण कॅन्सर यकृतात वारंवार सापडत होता आणि प्लीहेत क्वचितच. म्हणजे हा नुसता रक्ताच्या वाहण्याचा खेळ नाही. १८८९ मध्ये त्यांनी मांडलं, की कॅन्सरची पेशी हे बी आहे. वाऱ्यावर ते सगळीकडे उडतं, पण रुजतं मात्र मानवेल त्या जमिनीतच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

थायरॉइड ही एका अर्थाने सुपीक जमीन. जेमतेम वीस ग्रॅमची, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. पण वजनाच्या मानाने तिला मिळणारं रक्त शरीरातल्या बहुतेक अवयवांपेक्षा जास्त असतं. दुसऱ्या टोकाला किडन्यांमधून दर मिनिटाला साधारण लिटरभर रक्त वाहतं. किडनीतून सुटलेली पेशी शिरेतून हृदयात, तिथून फुप्फुसात, पुन्हा हृदयात आणि मग धमनीतून गळ्यापर्यंत पोहोचू शकते. आणखी एक आडवाटही आहे. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिलं, की पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं असतं आणि त्या शिरांना झडपा नसतात. त्यामुळे तिथे रक्त दोन्ही दिशांनी जाऊ शकतं. फुप्फुसाची चाळणी टाळून डोक्या-मानेकडे जाणारी ही वाट काही पेशी धरत असाव्यात, असा कयास आहे.

एवढं रक्त मिळूनही थायरॉइडमध्ये बाहेरचा कॅन्सर क्वचितच का रुजतो, याचंही एक उत्तर दिलं जातं. निरोगी थायरॉइडमधला रक्ताचा वेग आणि तिथला भरपूर प्राणवायू व आयोडीन यांमुळे पेशीला पाय रोवता येत नसावेत. मात्र गलगंड असलेल्या किंवा आधीच गाठी झालेल्या थायरॉइडमध्ये तिला थारा मिळतो. जुन्या, निरुपद्रवी ठरलेल्या गलगंडातली एखादी गाठ अचानक वाढायला लागली, तर म्हणूनच ती पुन्हा दाखवायला हवी.

स्लाइडवरचा चकवा

आता काकांकडे परत येऊ. डॉक्टरांनी रक्ताची टीएसएच तपासणी सांगितली. ती नॉर्मल आली. घरच्यांना हायसं वाटलं. पण इथे फसगत होते. टीएसएच फक्त ग्रंथीचं काम सांगते. गाठीत काय दडलंय, ते ती सांगत नाही. अशा पाहुण्या कॅन्सरमध्येही ती बहुधा नॉर्मलच येते.

मग सोनोग्राफी झाली, आणि बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढल्या गेल्या. या तपासणीला एफएनएसी म्हणतात. खरी परीक्षा सुरू होते ती इथे, पॅथॉलॉजिस्टची.

किडनीच्या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला 'क्लिअर सेल' म्हणतात. त्याच्या पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन ठासून भरलेलं असतं. स्लाइड तयार करताना ते विरघळून जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या, पाण्याच्या थेंबासारख्या स्वच्छ दिसतात. या पेशींनी जाणकारांनाही चकवलंय. पॉल ग्राविट्झ या जर्मन डॉक्टरांनी १८८३ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा किडनीतली ही गाठ मुळात किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या अवशेषांतून येते, असा त्यांचा समज झाला. पुढे 'हायपरनेफ्रोमा' हे चुकीच्या समजातून आलेलं नाव कित्येक दशकं रिपोर्टांवर टिकून राहिलं. जुन्या फाइलीत हा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ किडनीचा कॅन्सर.

पंचाईत अशी, की थायरॉइडच्या स्वतःच्या काही गाठींतही अशाच स्वच्छ पेशी असतात. त्यातून सुईने काढलेल्या नमुन्यात बरेचदा रक्तच जास्त येतं, पेशी थोड्या. मग रिपोर्ट संदिग्ध येतो. अशा वेळी पेशींवर खास रंगचाचण्या करतात. थायरॉइडच्या पेशी थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-वन या चाचण्यांना 'होय' म्हणतात, किडनीच्या 'नाही'. पण पॅक्स-एट नावाची एक चाचणी दोघीही पास होतात! कारण घडणीच्या काळात किडनी आणि थायरॉइड, दोन्हीकडे तेच जनुक राबत असतं. तेवढ्या एकाच चाचणीवर विसंबलं, तर फसायला होतं.

पण या चाचण्या होतात कधी? पॅथॉलॉजिस्टच्या मनात शंका आली तरच. आणि शंका येते कधी? सोबतच्या कागदावर 'बारा वर्षांपूर्वी किडनीचा कॅन्सर' एवढे शब्द लिहिलेले असले की. जुन्या ऑपरेशनच्या स्लाइड्स आणि मेणाचे ठोकळे मिळाले, तर दोन्ही नमुने शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. काकांच्या कागदावर लिहिलं होतं, 'पूर्वी मुतखड्याचं ऑपरेशन.'

उपाय काय?

चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते. थायरॉइडच्या अनेक कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन हे हुकमी अस्त्र. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात आहे. पण किडनीतून आलेल्या पेशी आयोडीन शोषतच नाहीत. त्यांच्यावर हे अस्त्र वाया जातं, आणि तेवढ्यात किडनीच्या कॅन्सरवरच्या उपचारांचा वेळ हातचा जातो.

निदान बरोबर झालं, तर पुढची वाट बऱ्यापैकी आखलेली आहे. आधी सगळ्या शरीराची तपासणी होते. कॅन्सर फक्त थायरॉइडमध्ये असेल आणि माणूस ऑपरेशन झेपण्याजोगा असेल, तर अर्धी किंवा पूर्ण थायरॉइड काढतात. त्या ३६ रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश पुढे या आजारापासून मुक्त राहिले. म्हणजे 'पसरला, आता संपलं' असं इथे सरसकट म्हणता येत नाही. पूर्ण ग्रंथी काढली, तर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथींना जपावं लागतं. नंतर ओठ किंवा बोटं मुंग्या आल्यासारखी वाटली, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

कॅन्सर आणखीही जागी असेल, तर औषधं लागतात. गेल्या वीस वर्षांत या बाबतीत चित्र पालटलं. बहुतेक क्लिअर सेल कॅन्सरमध्ये व्हीएचएल हे जनुक बिघडलेलं असतं. १९९३ मध्ये ते सापडलं. ते बिघडलं, की पेशीला सतत प्राणवायू कमी पडल्यासारखं वाटतं आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पेशीला प्राणवायूची कमी-जास्ती कशी कळते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. रक्तवाहिन्यांची ही रसद तोडणारी सुनिटिनिबसारखी गोळी अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाली. तिचे जेनेरिक प्रकार आता भारतातही मिळतात. त्यानंतर प्रतिकारशक्तीला जागं करणारी निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं आली. ती महाग आहेत आणि सगळ्यांनाच लागू पडतात असं नाही. गंमत म्हणजे, ही औषधं स्वतःच थायरॉइडचं काम बिघडवू शकतात. त्यामुळे ती चालू असताना टीएसएच वेळोवेळी तपासावी लागते.

गुपिताची किंमत

आपल्याकडे कॅन्सर हा शब्द रुग्णापासून लपवायची रीत जुनी. त्यामागे माया असते, हे नाकारता येणार नाही. ज्या काकूंनी बारा वर्षं एकटीने ते ओझं वाहिलं, त्यांना दोष कसा द्यायचा? पण गुपिताची एक अडचण असते. ते सांभाळणारी माणसं म्हातारी होतात, विसरतात, निघून जातात. थोरले दीर आता नाहीत. ऑपरेशन करणारे डॉक्टर निवृत्त झाले. फाइल दोन घरं बदलताना कुठे गेली, कुणालाच आठवत नाही. आणि ज्याच्या शरीरावर तो व्रण आहे, त्या माणसाला मात्र कुशीत मुतखड्याचीच खूण आहे असं वाटतंय. डॉक्टरांच्या प्रश्नाला तो खोटं बोलत नाही. त्याला जे सांगितलं गेलंय, तेच तो सांगतो.

आजार माणसाचा असतो, तशी त्याची माहितीही त्याचीच असते. ती हळूहळू सांगता येते, धीर देऊन सांगता येते. डॉक्टरांच्या मदतीनेही सांगता येते. पण कधीच सांगितली नाही, तर बारा वर्षांनी ती नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

त्या दिवशी सर्जनच्या खोलीतून बाहेर पडताना काकू दारात थबकल्या. मुलाला म्हणाल्या, 'तू ह्यांना घेऊन खाली हो, मी आलेच.' आणि त्या परत आत गेल्या. डॉक्टरांनी मान वर केली. काकू खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'डॉक्टर, तो मुतखडा नव्हता.'

डॉक्टरांनी केस पेपर पुन्हा ओढला आणि त्यावर एक ओळ वाढवली. काकांचं योग्य निदान त्या ओळीपासून सुरू झालं.

चौकट : घरात लिहून ठेवा

● किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल, तर कितीही वर्षं लोटली तरी प्रत्येक नव्या डॉक्टरला ते सांगा. सोनोग्राफी, एफएनएसी आणि बायोप्सीच्या कागदावरही ते लिहायला लावा.

● ऑपरेशनचा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कायम जपा. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. हॉस्पिटलमधून जुन्या स्लाइड्स आणि ठोकळे मिळतील का, ते विचारा.

● गळ्यात नवी गाठ, जुनी गाठ वाढणं, आवाज घोगरा होणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास होणं यांपैकी काहीही झालं, तर वाट पाहू नका. टीएसएच नॉर्मल आली म्हणून गाठ सोडून देऊ नका.

● एकच किडनी आहे, हेही आवर्जून सांगा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. डाय देऊन सीटी स्कॅन करण्याआधी डॉक्टरांना किडनीची कल्पना द्या.

● आणि हे विसरू नका, की गळ्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. तुमची गाठ तशीच आहे का, हे मात्र अंदाजाने ठरवू नका. तपासून घ्या.